आईसाठी तरंगती खोली

२ सप्टेंबर

डोक्यात किडा शिरलाय. किडा कसला, अजगर! हे लिहून काढल्याशिवाय जेवणार नाही असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग उपाशीच राहा. तुमचा लिहिण्याचा वेग बघता परवाच जेवाल."

तर झालं असं. पालिकेनं शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. विषय समुद्राचा. हॉल खचाखच भरला होता, लोक खिडकीत बसले होते. नवीन इंजिनिअरबाईंनी पडद्यावर गावाचा नकाशा लावला, त्यात आमची समुद्रासमोरची सगळी ओळ निळी. निळं म्हणजे काय, तर पुढे पुढे प्रत्येक मोठ्या उधाणाला तिथे पाणी शिरणार. बाई म्हणाल्या, जगाच्या दोन्ही टोकांचा आणि मोठमोठ्या डोंगरांवरचा बर्फ वितळतोय, समुद्र थोडा थोडा वर येतोय, पुढच्या ओळीतल्यांनी चढावरच्या भागात जायचा विचार आतापासून करावा.

मग जो गलका झाला! एक म्हणतो, वर जागा कोण देणार, तुम्ही? दुसरा म्हणतो, हा सगळा बिल्डरांचा डाव, आम्हाला हाकलून इथे हॉटेलं बांधायचीत. आमचा सलूनवाला उठला. त्याच्या वस्तऱ्याला एकवेळ धार नसेल, जिभेला आहे. म्हणाला, "बाई, बर्फ तिकडे वितळणार आणि पाय माझे भिजणार होय?" सगळे हसले. मीही हसलो. आता, गेल्या उधाणाला हाच माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहून दाढ्या करत होता, पण ते तो धरत नाही. ते म्हणे नेहमीचंच.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "किती वर्षांत किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. कुठल्या दिशेनं चाललंय तेवढं सांगू शकते." मला हे आवडलं. आमच्या सुतारकामाच्या धंद्यातही जो छातीठोक सांगतो त्याचाच दरवाजा नंतर घासतो.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती पुढच्या खोलीत तिच्या खुर्चीत होती. ऐकून एवढंच म्हणाली, "मग जायचं का वर?"

बाबा गेले तेव्हा ती मला म्हणाली होती, या घरातनं मला हलवू नका. मी विसरलेलो नाही. म्हटलं, "तू कशाला जाशील? मी आहे ना!" आणि त्याच क्षणी सुचलं. घर हलवायचं नाही. घर उचलायचं! पाणी आलं की खोलीच वर, पाणी गेलं की खोली खाली. मी सुतार आहे, जन्मभर लोकांची कपाटं बनवली, आईसाठी एक तरंगती खोली बनवता येऊ नये?

आई काही बोलली नाही. तिला भरून आलं असणार.

५ सप्टेंबर

ठिणगीला पटलं! ठिणगी म्हणजे आमच्या शेजारचा वेल्डर. उंचीनं बेताचा आणि पेटायला एक शब्द पुरे, म्हणून हे नाव. जुन्या पुठ्ठ्यावर चित्र काढून त्याला दाखवलं. अंगणात सिमेंटचा हौद खणायचा. त्यात हवाबंद प्लास्टिकची निळी पिंपं ओळीनं बांधायची, पिंपांवर लाकडी खोली. उधाणाचं पाणी अंगणात आलं की हौद भरेल, पिंपं तरंगतील, खोली सावकाश वर येईल.

त्यानं पुठ्ठा फिरवून फिरवून बघितला. मग म्हणाला, "आणि वारा सुटला की तुझी आई खोलीसकट परदेशी."

हे सुचलंच नव्हतं.

"चार कोपऱ्यांना चार लोखंडी खांब," तो म्हणाला. "खोलीला कड्या, कड्या खांबात. खोली खांबाला धरून वर-खाली होईल, इकडे तिकडे जाणार नाही. पण एक ध्यानात ठेव. खोली तिरकी झाली तर कडी खांबात आवळणार. आणि आवळली की संपलं, पाणी वर आणि खोली तिथेच."

"तिरकी होणारच नाही. तोल माझ्याकडे लागला."

"मग खांब माझ्याकडे."

हात मिळवले. त्याचा हात अजून गरम होता, माझ्या तळव्याला चटका बसला. शुभ शकुन!

९ सप्टेंबर

बायकोचं मधेच सुरू झालंय. "आईंना विचारलंत का?" म्हटलं, सांगितलंय की सगळं, चित्रसुद्धा दाखवलं. तर म्हणे, "सांगितलंत हो. विचारलंत का?" हिला शब्दांचा कीस पाडायला काय आवडतं! आई स्वतः अंगणात येऊन खड्डा बघून गेली आज. मला तीनदा विचारलं की खोली वर गेल्यावर दार कुणीकडून उघडणार आणि ते अडकणार तर नाही. एवढा रस घेतेय ती यात. आणि ही म्हणते विचारलं का.

१४ सप्टेंबर

आज माझी पार पडझड झाली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उभा राहिलो. क्रमानं लिहितो.

केस कापायला गेलो. सलूनवाल्यानं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला खुर्चीत बसवून फडकं गुंडाळलं, म्हणजे पळता येऊ नये. मग आरशासमोर काचेचा ग्लास ठेवला, त्यात बर्फाचे खडे आणि काठोकाठ पाणी. "आता बघा," म्हणाला. "हा बर्फ, हा समुद्र. आपले सुतारसाहेब म्हणतात बर्फ वितळला की समुद्र सांडतो." सगळे टक लावून बसले. एक जण अर्धी दाढी तशीच ठेवून. बर्फ वितळला. थेंब सांडला नाही! एक थेंब नाही! सलूनवाल्यानं कात्री वाजवली आणि म्हणाला, "त्या बाईंना सांग हे. आणि खोली तरंगवायची तर आधी बादलीत तरंगव."

खोटं कशाला लिहू, मी हादरलो. डोळ्यांनी बघितलेलं कसं नाकारणार? अंगण खणून ठेवलंय, पिंपं आणलीत, ठिणगीनं खांब कापलेत, आणि मुळात पाणी येणारच नसेल तर? घरी येऊन नुसता बसलो. आईनं विचारलं काय झालं. सांगितलं. तर तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे पाणी येणार नाही असं म्हणतोय तो?" मला सावरायला बघत होती बिचारी.

बायकोनं ऐकलं आणि स्वयंपाकघरातून ग्लास आणला. "तो बर्फ आधीच पाण्यात बसलेला होता ना? त्यानं त्याची जागा आधीच अडवलीय. वितळून तो तेवढ्याच जागेत मावणार. पण जो बर्फ जमिनीवर साचलाय तो पाण्यात आला तर?" तिनं ग्लास काठोकाठ भरला, वर चहाची गाळणी ठेवली, गाळणीत बर्फ. आम्ही तिघं वाट बघत बसलो. टप. टप. आणि पाणी टेबलावरून थेट माझ्या मांडीवर!

मी गाळणी घेऊन तसाच सलूनमध्ये धावलो. पुन्हा सगळा प्रयोग. आरशासमोरचा कंगवा वाहून गेला. सलूनवाला ओल्या फरशीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "गाळणी तुझ्या घरची. तिचा काय भरवसा?"

केस अर्धेच कापलेत. उद्या पुन्हा जावं लागणार.

२१ सप्टेंबर

ताई आली होती. ही माझी थोरली बहीण, चढावर राहते. हल्ली दर रविवारी येते, येताना दोन रिकाम्या पिशव्या आणि जाताना त्याच पिशव्या फुगलेल्या. मी म्हटलं, "काय गं, माहेर लुटतेस होय?" ती हसली नाही. आई म्हणाली, "जुन्या चादरी देतेय. इथे दमट हवेत कुजतात." खरंय म्हणा. मी ताईला हौद दाखवला, खांब दाखवले, कड्या कशा सरकतात ते दाखवलं. ती म्हणाली, "अरे, तू जरा खाली बसून आईशी बोल ना." म्हटलं, बसायला वेळ कुणाला आहे? उधाण काय माझ्यासाठी थांबणार आहे?

काल छोटं उधाण होतं. दारापर्यंत पाणी आलं आणि गेलं. आई अशा दिवशी खुर्चीत पाय वर घेऊन बसते आणि उंबरठ्याकडे बघत राहते, एकदम राणीसारखी.

३० सप्टेंबर

सांगाडा उभा राहिला!!! पिंपांवर आडवी लाकडं, त्यावर फळ्या, चार भिंती, समुद्राकडे एक मोठी खिडकी. गल्लीतली माणसं कामाला जाताना थांबून बघतात. कालपर्यंत वेडा म्हणत होते, आज विचारतात पिंपं कुठे मिळाली. मी शिट्टी वाजवत रंधा मारतो. बायको म्हणते मी शिट्टी वाजवलेली तिनं कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. आई घराच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होती, मी हात केला तर तिनंही केला आणि डोळे पुसले. एवढी खूष.

५ ऑक्टोबर

तोल. आता सगळा खेळ तोलाचा.

खोलीत जाणार आईची खाट, शिलाई मशीन, खुर्ची आणि तिचं कपाट. कपाट म्हणजे कपाट आहे हो! बाबांनी बनवलेलं, जाड लाकडाचं, आणि आत आईचा सगळा संसार. पितळेची भांडी, कपडे, बाबांची जड जड पुस्तकं, फोटोंच्या फ्रेमा, देव जाणे आणखी काय. मागे एकदा रंग द्यायला सरकवायचं होतं तर चार धट्टेकट्टे लागले आणि तरी एकाची कंबर धरली. ते समुद्राच्या बाजूला ठेवायचं. त्याच्या समोर, घराच्या बाजूला खाट आणि मशीन, आणि तरी कमी पडेल तेवढ्या वजनाची वाळूची पोती फळ्यांखाली कायमची बांधून टाकायची. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या.

आईच्या कपाटाला मात्र कुणी हात लावत नाही. लहानपणापासूनचा नियम आहे. किल्ली तिच्याकडे. म्हणाली, "रिकामं मी करीन, पुन्हा भरीन पण मीच. तू फक्त लाकूड उचल." म्हटलं हुकूम!

११ ऑक्टोबर

तरंगली! तरंगली! तरंगली!

अग्निशमनवाले ओळखीचे, त्यांनी त्यांचा पंप आणला आणि हौदात पाणी सोडलं. कपाट अजून आत आलेलं नव्हतं, म्हणून त्याच्या जागी भरलेल्या कपाटाएवढ्या वजनाची वाळूची पोती रचली. पाणी चढलं. पिंपं करकरली. आणि खोली, माझी खोली, एखादी म्हातारी बाई खुर्चीतून उठते तशी सावकाश, कुरकुरत, पण उठली! मी आत होतो. फळीवर लेव्हल ठेवली, बुडबुडा अगदी मध्ये. बायकोनं काठोकाठ भरलेला चहाचा कप आणून दिला, तो खिडकीत ठेवला, एक थेंब सांडला नाही. ठिणगी खांबांभोवती नाचत होता. इंजिनिअरबाईसुद्धा आल्या होत्या. त्यांनी बरंच काही तपासलं, फोटो काढले. म्हणाल्या, "राहण्यासाठी ही खोली सुरक्षित आहे असं मी आज लिहून देणार नाही. आणि समुद्राला हे उत्तरही नाही. पण मधला वेळ काढायला बरंच काही करता येईल, हे मात्र तुम्ही दाखवलंत." मी तर हवेतच होतो.

आईला हात धरून आत आणलं. तिनं दाराची चौकट सोडली नाही. "छान झालीय रे," म्हणाली. "खूप छान केलीस." आणि पटकन बाहेर गेली. तिला भावना दाखवायला आवडत नाहीत.

१८ ऑक्टोबर

कपाट आत आलं. चाचणीची पोती बाहेर काढली. आईनं दार लावून घेऊन दुपारभर कपाट भरलं, मी बाहेरून विचारलं, मदत करू? तर म्हणाली, "झालंच." कुलूप लावून किल्ली कमरेला.

बायको जेवताना म्हणाली, "अहो, उधाणाच्या आधी एकदा आईंशी शांतपणे..." तेवढ्यात ठिणगीनं हाक मारली, चौथी कडी जरा घासत होती. तेल घालून आलो तोवर ती झोपायच्या तयारीला लागली होती. राहिलं.

२७ ऑक्टोबर

उद्या दुपारी वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण. पालिकेनं पुढच्या ओळीला वर शाळेत यायला सांगितलंय. बरेच गेले. सलूनवाला गेला नाही, म्हणाला नळातनं यापेक्षा जास्त पाणी येतं. ताई आईला न्यायला आली होती. मी म्हटलं, "आईसाठीच तर बांधलीय खोली, आणि आईच नको?" ताई काहीतरी बोलणार होती, पण आई मध्ये म्हणाली, "राहू दे गं. मी बसते त्याच्या खोलीत." ताई दाणदाण पावलं टाकत निघून गेली. हिचं नेहमीचंच, लहानपणापासून माझं कौतुक झालेलं बघवत नाही.

मला उद्याची इतकी घाई झालीय की पेन हातात राहत नाही.

२८ ऑक्टोबर

जमेल तसं लिहितो.

भरदुपारी पाणी आलं. ऊन पडलेलं, वारा नाही, आणि रस्त्यावरून पाणी नुसतं चालत आलं. आवाज नाही काही नाही. फाटकातून अंगणात, अंगणातून हौदात. समुद्राकडच्या उंच धक्क्यावर मागे राहिलेली सगळी गल्ली उभी. इंजिनिअरबाई होत्या, ठिणगी एका खांबापाशी कमरेएवढ्या पाण्यात, बायको घराच्या उंच पायरीवर. खोलीत आई खुर्चीत, आणि मी.

खोली उठली. लोक ओरडले. मीही ओरडलो. आणि मग मला पायाखाली कळलं.

समुद्राकडची बाजू भराभर वर येत होती. घराकडची येत नव्हती. आईची खुर्ची सरकली. खाली ठेवलेला तांब्या घरंगळत भिंतीला जाऊन आपटला. ठिणगी बाहेरून किंचाळला, "कडी आवळतेय! तिरकी होतेय, तोल कर, तोल!" मला काही समजेना. समुद्राकडे तर कपाट आहे, सगळ्यात जड, ती बाजू उचलली कशी जाईल? घराकडच्या फळ्यांवर पाणी आलं. पाणी आईच्या पायांना लागलं आणि तिनं जो आवाज केला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता.

मी तिला उचललं आणि कपाटाकडे नेलं. आम्ही दोघं कपाटाला पाठ लावून उभे. पुरेना. मी ओरडलो, "वजन! इकडे वजन पाहिजे! कुणीतरी या!"

आणि कोण यावं? सलूनवाला! धक्क्यावरून त्यानं उडी मारली आणि समुद्राकडच्या मोठ्या खिडकीतून आत आला, म्हणजे अर्धा आला, कारण तो आमच्या गल्लीतला सर्वांत रुंद माणूस आहे. पोट खिडकीत अडकलं. मी खांदे धरून ओढलं. तो धप्पकन कपाटापाशी पडला आणि त्या बाजूला खोलीनं असा दम टाकला की विचारू नका. बाहेर कडी खाट्कन सुटली. खोली सरळ झाली आणि शांतपणे वर चढायला लागली.

लोक टाळ्या पिटत होते. सलूनवाला फळ्यांवर बसून म्हणाला, "हे पाणी बर्फाचं नाही. पण आलंय खरं."

मी आईला म्हटलं, "किल्ली दे."

तिनं दिली. मी कपाट उघडलं. आत एक हँगर होता. बाकी काही नाही. एक भांडं नाही, एक पुस्तक नाही.

"रिकामं आहे ते," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"ताई नेत होती. थोडं थोडं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू बोलताना कधी श्वास घेतलास का रे?" ती म्हणाली. सलूनवाला खिडकीतून बाहेर बघायला लागला. उभ्या जन्मात तो पहिल्यांदा गप्प बसला असेल.

पाणी उतरेपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो.

२९ ऑक्टोबर

रंधा हातात घेतला आणि ठेवून दिला.

३० ऑक्टोबर

ठिणगी आला, तासभर बसला, म्हणाला, "खोली चुकली नाही. खांब चुकले नाहीत. कड्या चुकल्या नाहीत." आणि चहा पिऊन गेला. त्यानं काय चुकलं ते म्हटलं नाही, आणि ठिणगीनं काहीतरी म्हणायचं सोडून देणं म्हणजे बघा.

मला राग आला होता. आईचा, ताईचा, बायकोचाही, कारण आईला वर जायचंय हे तिला माहीत होतं. तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "मी दोन महिने सांगतेय. तुम्ही दर वेळी उठून तेल घालायला गेलात."

दुपारी आईजवळ जाऊन बसलो. खाली, जमिनीवर. म्हटलं, "तूच म्हणाली होतीस ना, या घरातनं हलवू नका?"

"तेव्हा तुझे बाबा जाऊन चार दिवस झाले होते रे," ती म्हणाली. "त्या दिवशी कुणी जेवायला ऊठ म्हटलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं."

मग तिनं सांगितलं. किती वर्षं ती उधाणाच्या दिवशी पाय वर घेऊन बसते आणि उंबरठ्याखालून येणारं पाणी बघते. फरशीच्या कुठल्या भेगेतून ते आधी येतं हेही तिला पाठ आहे. सभेतलं मी येऊन सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, सुटले. आता हाच म्हणेल चल. "आणि तू पिंपं घेऊन आलास," ती म्हणाली आणि हसायलाच लागली. मला हसू येईना, पण ती इतकी हसली की आलं.

"अगं, मग मोडून टाकायचीस माझी पिंपं!"

"कशी मोडू? शिट्टी वाजवत होतास. बाबा गेल्यापासून तुला असं बघितलं नव्हतं. म्हटलं, होऊ दे त्याची खोली, एकदा बसू आत, मग सांगू. एवढं पाणी आत येईल हे मला काय माहीत?"

आणि माझ्यापायी ती बुडाली असती. लिहून ठेवतो, नाहीतर मी विसरेन आणि पुन्हा कुणाला तरी खूष करायला निघेन.

२ नोव्हेंबर

आईला वर सोडून आलो. सामान काय, एक खुर्ची आणि शिलाई मशीन. खाट आणि कपाट खालीच राहिलं, बाकी सगळं तिच्या आधीच पोचलेलं! ताईनं दारात आमच्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात टपली मारली, शाळेत असताना मारायची तशी. भांडण मिटलं.

घरी येताना इंजिनिअरबाई भेटल्या. त्यांना खालच्या दवाखान्यातलं औषधांचं सामान उधाणात वर राहील असं काहीतरी हवंय, पुढच्या ओळीतली माणसं वर जाईपर्यंत. आतलं वजन सतत बदलणार, तर तोलाचं काय? मी तोंड उघडलं, आणि बंद केलं. म्हटलं, दवाखान्यातल्या लोकांना एकदा भेटू, त्यांना काय काय कुठे ठेवायचंय ते आधी ऐकू. बाई म्हणाल्या, चालेल. मी घरापर्यंत जवळजवळ धावत आलो. ठिणगीला सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पान्हा हवेत उडवला, तो शेजाऱ्याच्या कौलावर पडला.

७ नोव्हेंबर

सलूनवाला आला. इकडे तिकडे बघून, हळू आवाजात. "बर्फ-बिर्फ मला अजून पटलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो."

"बरं."

"पण दुकानाखाली पिंपं बसतील का रे?"

मी त्याला मिठी मारणार होतो, पण हात पुरत नाहीत. म्हटलं, "बसतील. पण तोल सांभाळायला तू रोज एकाच जागी उभा राहायचास." तो म्हणाला, आजवर काय वेगळं करत आलोय?

१२ नोव्हेंबर

आज आईकडे गेलो होतो, टेप आणि पेन्सिल घेऊन. तिच्या खोलीला एकच छोटा झरोका आहे, अंधार वाटतो. मी चढ चढता चढता सगळं ठरवून टाकलं होतं. पश्चिमेची भिंत फोडायची, मोठ्ठी खिडकी, तिथून समुद्र दिसेल, बाहेर छोटा कठडा, कठड्यावर कुंड्या, वर उन्हासाठी लाकडी छज्जा, आणि छज्ज्याला...

बायको सोबत आली होती. ती नुसती खाकरली.

मी टेप गुंडाळली. आईला विचारलं, "खिडकी हवी का तुला?"

"हवी."

"कुठे?"

ती उठली, खोलीत फिरली, हातानं भिंती चाचपल्या. मला वाटलं समुद्राकडची दाखवेल. तिनं दुसरी दाखवली, रस्त्याकडची, जिथून चढ दिसतो. "जन्मभर समुद्रच बघितला," म्हणाली. "आता माणसं बघू दे. इथे. डोकं बाहेर काढता येईल एवढीच. फार मोठी नको."

मी पेन्सिलनं खूण केली. म्हटलं, "आणि काय हवंय?"

"तू खालीच राहणार ना अजून? तुम्ही दोघं?"

"माझा सुतारकामाचा कारखाना खाली आहे, आई. एकदम कसं सोडणार? सोडू. पण वेळ लागेल."

"मग रोज संध्याकाळी या खिडकीखाली यायचं आणि हाक मारायची," ती म्हणाली. "वर नाही आलास तरी चालेल. दमलेला असतोस. नुसती हाक मार. आणि उधाण असेल त्या दिवशी पाणी उतरलं की लगेच मारायची, जेवायच्या आधी. म्हणजे मला कळेल."

तो चढ मोठा आहे आणि माझे गुडघे दुखतात. उद्या दुपारी भिंत फोडायला घेतो, पण हाक मारायला संध्याकाळी पुन्हा जाईन.